हायलँड्समधली इस्टेट-कॉटेज: बुकिंगआधी काय विचारायचं, राहताना काय सांभाळायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: कुटुंब मिल्टन कीन्सला राहतं, पुण्याहून सत्तरीतले आई-वडील येणार आहेत, दोन मुलं आणि धाकटा भाऊ धरून सात जण. स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये, वेस्टर रॉस भागात, एखाद्या इस्टेटवरची स्वतः स्वयंपाक करून राहायची कॉटेज आठवडाभर घ्यायची आहे. मे अखेरची शाळेची सुट्टी बरी की ऑक्टोबरची? मालकाला काय विचारावं आणि सोबत काय न्यावं?

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. हे हॉटेल नाही, आणि शहरातल्या फ्लॅटसारखं घरही नाही. इस्टेट म्हणजे हजारो एकर डोंगर, ओढे, तळी आणि त्यावर चालणारी कामं: हरणांची शिकार, मेंढ्या, मासेमारी, जंगलतोड. कॉटेज ही बहुधा पूर्वी तिथल्या शिकार-रक्षकाची किंवा मेंढपाळाची राहती जागा असते. पाणी डोंगरातून येतं, सांडपाणी मागच्या शेतातल्या सेप्टिक टँकमध्ये जातं, ऊब लाकडातून नाहीतर तेलाच्या टाकीतून मिळते. नळामागे नगरपालिका नाही, एवढं ध्यानात ठेवलं की पुढचं बरंचसं आपोआप समजतं.

मे की ऑक्टोबर? आई-वडील बरोबर असतील तर मे. एप्रिल-मे हे पश्चिम किनाऱ्यावर त्यातल्या त्यात कोरडे महिने. मे अखेरीला रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि पहाटे साडेचारला उगवतो, म्हणून मुलांच्या खोलीला जाड पडदे आहेत का तेवढं विचारून घ्या. मिज, म्हणजे तिथली कुप्रसिद्ध बारीक चिलटं, मे संपता संपता सुरू होतात आणि सप्टेंबरपर्यंत जीव खातात. जुलै-ऑगस्टमध्ये वारा पडलेल्या ढगाळ संध्याकाळी तळ्याकाठी पाच मिनिटंही उभं राहवत नाही. ताशी दहा-अकरा किलोमीटरच्या वर वारा असला की त्यांना उडताच येत नाही, म्हणून झाडीतली, खोलगट जागेतली कॉटेज घेण्यापेक्षा उघड्या माळावरची घ्यावी. फोटोत ती बोडकी दिसते, पण राहायला सुखाची. चिलटं दूर ठेवणारं पिकॅरिडिनचं मलम आणि तोंडावर घ्यायची जाळी एवढ्यावर भागतं. कॉइल-अगरबत्त्यांचा बाहेर काही उपयोग नाही.

ऑक्टोबरचं सौंदर्य वेगळं. चिलटं संपलेली, डोंगर तांबूस झालेले, आणि सप्टेंबरअखेरपासून नर हरणांचा माज सुरू असल्यामुळे रात्रभर त्यांचं डरकाळणं ऐकू येतं. पण महिन्याच्या मध्यावर सहाच्या सुमारास अंधार पडतो, पाऊस जास्त, आणि शिकारीचा हंगाम ऐन भरात असतो. त्याबद्दल पुढे.

बुकिंगआधी परवाना बघा. स्कॉटलंडमध्ये अशा घरांना शॉर्ट-टर्म लेटचा, म्हणजे थोड्या दिवसांसाठी भाड्याने देण्याचा, परवाना लागतो. आधीपासून चालू असलेल्या मालकांना अर्ज करायला 1 ऑक्टोबर 2023 पर्यंतची मुदत होती. आता परवान्याचा क्रमांक जाहिरातीतच द्यावा लागतो. तो नसेल तर पुढे जाऊ नका. परवान्यात जास्तीत जास्त किती माणसं राहू शकतात हेही ठरलेलं असतं. ‘मुलं काय, आमच्याच पलंगावर झोपतील’ हे आपलं गणित तिथे चालत नाही. सात म्हणजे सात, आधी लिहून कळवा.

आई-वडिलांसाठी दोन प्रश्न नेमके विचारा: तळमजल्यावर झोपायची खोली आहे का, आणि तळमजल्यावर संडास-बाथरूम आहे का? जुन्या दगडी घरांत वरच्या खोल्या थेट कौलांखाली असतात. जिना अरुंद आणि जवळजवळ शिडीसारखा उभा, वर उतरतं छत. रात्री दोनदा उठणाऱ्या माणसाला तो जिना नको. मग विचारा: डांबरी रस्ता सोडल्यावर घरापर्यंत इस्टेटचा कच्चा रस्ता किती लांब आहे आणि भाड्याच्या साध्या गाडीला जमतो का? सात माणसं आणि सामान भरलेली गाडी खाली बसते, मधल्या गवताच्या पट्ट्याला तिचं पोट घासतं. शेवटचा प्रश्न घर सापडण्याचा. तिकडे एक पोस्टकोड कित्येक मैलांना पुरतो, त्यामुळे सॅटनॅव्ह भलत्याच फाटकाशी नेऊन सोडतं. नकाशावरची नेमकी जागा सांगणारा ग्रिड रेफरन्स, किंवा व्हॉट-थ्री-वर्ड्स या ॲपमधले त्या जागेचे तीन शब्द मागून घ्या आणि कागदावर लिहून ठेवा, कारण ऐन वेळी फोनला रेंज नसते.

प्रवासाचं वेळापत्रक कॉटेजच्या बदलीच्या दिवसावर बेता. बहुतेक ठिकाणी शनिवार ते शनिवार, दुपारी चारला ताबा आणि शेवटच्या दिवशी सकाळी दहाला रिकामं. लंडनच्या यूस्टनहून सुटणारी कॅलेडोनियन स्लीपर ही रात्रीची रेल्वे शुक्रवारी पकडली तर शनिवारी सकाळी हायलँड्समधल्या इन्व्हर्नेस शहरात उतरता येतं. गाडी भाड्याने घ्या, मोठ्या सुपरमार्केटमध्ये आठवड्याचं दूध-भाजी भरा आणि चारपर्यंत आरामात पोचा. परतीला मात्र फसगत होते: शनिवारी रात्री ही गाडी सुटतच नाही. एक तर दिवसाची रेल्वे, नाहीतर इन्व्हर्नेसमध्ये एक मुक्काम. भारतातलं लायसन्स असलेल्या पाहुण्याला वर्षभर चालवता येतं, पण भाड्याच्या गाडीच्या कंपनीच्या वयाच्या आणि अनुभवाच्या अटी वेगळ्या असतात. दारूची मर्यादा स्कॉटलंडमध्ये इंग्लंडपेक्षा कडक आहे, 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम. रात्री व्हिस्की झाली असेल तर सकाळीही जपून.

इन्व्हर्नेसपासून वेस्टर रॉसमधल्या किनलोक्यू गावापर्यंत पन्नासेक मैल. पुढे टोरिडनचा रस्ता एकपदरी आहे. तिथे वेळ मोजताना ताशी तीस मैलांच्या वर धरू नका. मधेमधे ‘पासिंग प्लेस’च्या, म्हणजे समोरच्या गाडीला वाट द्यायच्या रुंद जागेच्या, पाट्या असतात. समोरून गाडी आली की जवळची जागा ज्याच्या बाजूला असेल त्याने थांबायचं. जागा आपल्या उजवीकडे असेल तर तिच्यात शिरायचं नाही, आपल्या डाव्या बाजूलाच तिच्यासमोर थांबायचं. मागे गाडी तुंबली की तिला पुढे जाऊ द्यायचं, हे पर्यटक हमखास विसरतात. आणि फोटोसाठी तिथे गाडी लावणं म्हणजे तिथल्या माणसांच्या शिव्या ओढवून घेणं.

आता घरातल्या गोष्टी. सगळ्यात जास्त घोळ पाण्याचा होतो, म्हणून तो सविस्तर.

इस्टेटवरचं पाणी बहुतेक वेळा ओढ्याचं, झऱ्याचं किंवा बोअरचं असतं. ते चहाच्या निवळीसारखं पिवळट-तपकिरी दिसलं तर दचकू नका. तो पीट मातीतला, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या मातीतला, रंग आहे, घाण नव्हे. घरात शिरताना पाणी आधी गाळ अडवणाऱ्या फिल्टरमधून आणि मग अतिनील दिव्याच्या नळकांड्यातून जातं. भाड्याच्या घराचं असं पाणी स्थानिक काउन्सिलकडून दरवर्षी तपासलं जातं आणि खासगी पुरवठ्याची सूचना घरात लावलेली असते. ती शोधून वाचा. अतिनील दिवा जंतू मारतो, पण उजेड पाण्यातून आरपार गेला तरच. मुसळधार पावसानंतर पाणी गढूळ झालं की उजेड अडतो आणि जंतू निसटतात. म्हणून तीन वेळा प्यायचं पाणी उकळून घ्या: जोराच्या पावसानंतर, दिव्याची धोक्याची खूण किंवा बझर चालू असताना, आणि वीज जाऊन आल्यावर. मुलं आणि आई-वडील यांना आठवडाभर उकळलेलंच दिलं तरी बिघडत नाही. केटल आहेच.

वीज जाणं म्हणजे फक्त दिवे जाणं नव्हे. बोअरचा पंप बंद, अतिनील दिवा बंद, तेलाचा बॉयलर बंद, कारण त्याच्या पंपाला आणि ठिणगीला वीज लागते. वाय-फाय बंद, आणि त्याबरोबर वाय-फायवरचा फोनही. चालू राहतो तो लाकडाचा स्टोव्ह आणि गॅसची शेगडी असेल तर ती. म्हणून पहिल्याच संध्याकाळी दोन पातेली पाणी भरून ठेवा आणि टॉर्च कुठे आहे ते बघा. वीज गेल्याची चौकशी 105 या क्रमांकावर होते.

गरम पाण्याचा हिशेब असा. दीडशे लिटरची टाकी आणि तिच्यात बसवलेला तीन किलोवॅटचा विजेचा इमर्शन हीटर धरा. डोंगरातलं आठ अंशांचं पाणी साठ अंशांना न्यायला नऊ युनिट वीज आणि तीन तास लागतात. साठ अंशांचं ते पाणी चाळीसपर्यंत विरवलं की साधारण 240 लिटर होतं. मिनिटाला आठ लिटरच्या शॉवरखाली सहा मिनिटं उभं राहिलं की जवळपास पन्नास लिटर गेले, म्हणजे पाच जणांत टाकी रिकामी. सहाव्या-सातव्याच्या अंगावर बर्फ! दोघं-तिघं रात्री, बाकीचे सकाळी, आणि मधे हीटर चालू, एवढं केलं की झालं. काही घरांत दोरी ओढून चालू करायचा विजेचा शॉवर असतो, तो टाकीवर अवलंबून नसतो. थंडीत त्याची धार बारीक होते, तो बिघाड नव्हे. नऊ किलोवॅटमध्ये पाणी पस्तीस अंशांनी तापवायचं तर मिनिटाला पावणेचार लिटरच येणार. धार वाढवली की पाणी कोमट होतं.

बादली-तांब्याची सवय असेल तर आंघोळ टबातच करायची. तिथल्या बाथरूमला आपल्यासारखी मोरी नसते. फरशीवर सांडलेलं पाणी लाकडी तक्तपोशीत मुरतं आणि खालच्या खोलीच्या छताला डाग पडतो. पाहुण्यांचं डिपॉझिट कापलं जाण्याचं हे एक नेहमीचं कारण. संडासात जेट नसतो, म्हणून प्लास्टिकचा तांब्या घरूनच न्या. ओले वाइप्स मात्र अजिबात टाकू नका, पाकिटावर ‘फ्लशेबल’ लिहिलेलं असलं तरी. सेप्टिक टँकच्या तोंडाशी ते गुंता करतात आणि मैला उलटा येतो. ब्लीच ओतलं की टँकमधले मैला पचवणारे जंतू मरतात. आणि तळणीचं, फोडणीचं उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका: थंड नळीत ते मेणासारखं थिजतं. कढई कागदाने पुसून कागद कचऱ्यात.

फोडणीवरून अलार्मकडे येतो. फेब्रुवारी 2022 पासून स्कॉटलंडमधल्या घरांत एकमेकांना जोडलेले अलार्म सक्तीचे आहेत. दिवाणखान्यात आणि प्रत्येक मजल्याच्या बोळात धुराचे, स्वयंपाकघरात उष्णतेचा, आणि स्टोव्ह किंवा बॉयलर असेल तिथे कार्बन मोनॉक्साइडचा. स्वयंपाकघरातला धुराला दाद देत नाही, तो उष्णतेवर चालतो. पण मिरचीचा खाट दारातून बोळात गेला की तिथला वाजतो आणि मग सगळं घर एकदम कोकलतं. दार लावा, पंखा आधी चालू करा, खिडकी उघडा, मग मोहरी टाका. वाजलाच तर बटण दाबून गप्प करता येतो. काढून ठेवणं किंवा त्यावर पिशवी बांधणं हा मात्र मूर्खपणा आहे, कारण त्याच घरात रात्री स्टोव्ह धुमसत असणार. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला तर बटणाच्या भानगडीत न पडता सगळ्यांना घेऊन बाहेर पडा.

शेगडी कोणती आहे ते विचारून मगच कुकर बांधा. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. बुडाला लोहचुंबक चिकटला तर चालेल. बिडाचा सपाट तवा उत्तम, गोल बुडाची कढई कुचकामी. काचेची सिरॅमिक शेगडी सावकाश तापते आणि सावकाश निवते, म्हणून शेवटच्या शिट्टीच्या आधीच बंद करायची. सिलिंडरचा गॅस असेल तर बाहेर बहुधा 47 किलोचे दोन प्रोपेनचे सिलिंडर उभे असतात. ज्योत मरत आली तर मधला खटका दुसऱ्या सिलिंडरकडे वळवा आणि मालकाला कळवा. हळदीचा हात पांढऱ्या ओट्याला आणि गाद्यांना लावू नका. ते डाग निघत नाहीत.

सामानात कणीक, तूरडाळ, तांदूळ, गोडा मसाला, भाजणी, मेतकूट मिल्टन कीन्सहूनच न्या. सात जणांना रोज एक वेळ पोळ्या धरल्या तर आठवड्याला पाच किलो कणीक पुरते. पुण्याहून येणाऱ्यांना सांगा की तूप, पनीर, खवा, पेढे-बर्फी बॅगेत घालू नका. भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये आणायला बंदी आहे, विमानतळावरच जप्त होतात.

लाकडाचा स्टोव्ह. पहिल्या रात्री घर धुराने भरतं ते बहुतेक वेळा स्टोव्हच्या दोषामुळे नाही, पेटवण्याच्या पद्धतीमुळे. आधी वरचा आणि खालचा, दोन्ही झरोके पूर्ण उघडा. तळाशी दोन चिरलेली लाकडं बोटभर फट ठेवून आडवी. त्यावर आठ-दहा बारीक ढलप्या आडव्या-उभ्या रचून चौकट करा आणि पेटवणीची वडी सगळ्यात वर ठेवा. हो, वर. चुलीच्या उलट. ज्योत वरून खाली उतरते आणि धुराडं आधी तापतं. धुराडं थंड असेल तर त्यातली थंड हवा झाकणासारखी बसते आणि धूर खोलीत येतो. अशा वेळी वर्तमानपत्राची पेटती सुरळी आधी धुराड्याच्या तोंडाशी धरा. पाचेक मिनिटं दार किंचित किलकिलं, मग बंद. ढलप्या पेटून लाकडांनी जाळ धरला, साधारण पंधरा-वीस मिनिटांनी, की खालचा झरोका लावा आणि पुढचं सगळं वरच्या झरोक्यावर.

काच काळी पडू लागली तर समजा लाकूड ओलं आहे किंवा हवा कमी पडते आहे. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या आत हवा. दोन लाकडं एकमेकांवर आपटा: टणक ‘टण’ असा आवाज आला तर वाळलेलं, ‘धप्प’ आला तर ओलं. रात्री लाकडं कोंबून, झरोके बंद करून धुमसत ठेवणं ही सगळ्यात वाईट सवय. धुराड्यात डांबर साचतं आणि पुढे तेच पेटतं. कोरड्या लाकडाच्या किलोमधून चारेक युनिट उष्णता मिळते, त्यातली तीनेक खोलीत येते. म्हणजे पाच किलोवॅटच्या स्टोव्हला एका संध्याकाळी सात-आठ किलो लाकूड. बऱ्याच ठिकाणी पहिली टोपली फुकट आणि पुढची विकत, तेव्हा भाव आधीच विचारा. ओले कपडे स्टोव्हपासून मीटरभर लांब.

दोन फूट जाडीच्या दगडी भिंती तापायला दिवस जातो. पोचल्यावर थर्मोस्टॅट तीसवर नेल्याने घर लवकर तापत नाही. अठरा-एकोणीसला लावा आणि तसाच राहू द्या. बाहेर जातानाही बंद करू नका.

इस्टेटवर फिरण्याचा हक्क स्कॉटलंडमध्ये 2003 च्या जमीन सुधारणा कायद्याने सगळ्यांना आहे, मालकाची परवानगी लागत नाही. पण तो पायी, सायकलने, घोड्यावरून. मोटारीने नाही, आणि कोणाच्या घराच्या अंगणातूनही नाही. नर हरणांची शिकार परंपरेने 20 ऑक्टोबरपर्यंत चालते. कायद्यातला त्यांचा बंद हंगाम 2023 मध्ये उठला असला तरी इस्टेटींचा हा क्रम कायम आहे. त्यानंतर 15 फेब्रुवारीपर्यंत माद्या. म्हणून ऑक्टोबरमध्ये गेलात तर आदल्या संध्याकाळी इस्टेटच्या माणसाला विचारा, ‘उद्या कोणत्या बाजूला आहात?’ तो दुसरी वाट सुचवतो, बहुतेकदा अधिक चांगली. रविवारी सहसा शिकार नसते. मासेमारी मात्र या हक्कात येत नाही. तळ्यातल्या ट्राउटसाठीही परवाना घ्या, आणि सामन मासा रविवारी धरायचाच नाही. फाटक जसं दिसलं तसं सोडायचं, उघडं तर उघडं, बंद तर बंद. मे महिन्यात माळावर कोकरं असतात, मुलांना त्यांच्यामागे धावू देऊ नका. सकाळी टाचा न भिजवता ओलांडलेला ओढा पावसानंतर दुपारी मांडीपर्यंत चढलेला असतो, म्हणून परतीची वाट पुलाची असावी.

आई-वडिलांसाठी किनलोक्यूजवळचं बेन एय बघा. 1951 मध्ये जाहीर झालेलं ब्रिटनमधलं हे पहिलं राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र. डोंगर चढायची गरज नाही, खालच्या जुन्या पाइनच्या जंगलात आखलेल्या छोट्या वाटा आहेत. घरी आल्यावर सगळ्यांचे पाय, गुडघ्यांमागची जागा, कंबर आणि मुलांच्या कानामागे गोचीड तपासा. सापडली तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा. तेल, काडी, मीठ काही नको. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारा लाल चट्टा दिसला तर लाइम रोगाच्या शंकेने डॉक्टरांकडे जा. औषधांचं दुकान तीसेक मैलांवर असू शकतं आणि मोठं रुग्णालय इन्व्हर्नेसचं रेगमोर, तेव्हा रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या दोन आठवड्यांच्या घ्या आणि दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा. डोंगरावर कुणी अडकलं तर 999 लावून पोलीस मागायचे आणि त्यांच्याकडे माउंटन रेस्क्यू, म्हणजे डोंगरातलं बचाव पथक, मागायचं.

शनिवारी सकाळी निघताना स्टोव्हची राख उपसू नका. वरून विझलेल्या राखेत दुसऱ्या दिवसापर्यंत निखारे राहतात, प्लास्टिकच्या कचराकुंडीत टाकली तर कुंडीच पेटते. तशीच आत राहू द्या, नाहीतर झाकणाच्या लोखंडी बादलीत काढून बादली दाराबाहेर दगडावर ठेवा. इमर्शन हीटरचं बटण बंद, थर्मोस्टॅट चालूच. चावी जिथून घेतली तिथेच, आणि काही फुटलं असेल तर चिठ्ठीत लिहून. दुपारी चारला पुढचं कुटुंब यायच्या आत सफाईवाल्या बाईंच्या हातात सहा तास असतात, फुटलेलं तेवढ्यात बदलता येतं.